शेतातला स्फुरद ओढ्याला जातोय का? बेळगाव सीमाभागासाठी धोका मोजायची घरगुती पद्धत

पिकाला चांगलं वाढायला मातीतल्या पाण्यात लिटरमागे साधारण 0.2 मिलिग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) लागतो. तळ्याचं मात्र वेगळं. तिथं वर्षाची सरासरी 0.035 मिलिग्रॅमच्या वर गेली, की ते पाणी शेवाळाच्या वाटेला लागलं असं जगभर धरलं जातं. म्हणजे जो स्फुरद गेला तरी पिकाला पत्ता लागत नाही, तोच खाली धरणाला भोवतो. हिशोबच करून बघा. डीएपी खताच्या 50 किलोच्या पोत्यात 46 टक्क्यांनी 23 किलो 'पी टू ओ फाइव्ह' (खतातला स्फुरद ज्या रूपात मोजतात ते) असतं, त्यात निव्वळ फॉस्फरस 10 किलो. त्यातला एक किलो जरी ओढ्याला गेला तरी जवळपास 2 कोटी 86 लाख लिटर पाणी त्या 0.035 च्या रेषेवर जाऊन बसतं. दहा टक्के खत वाया गेलं म्हणून पिकाचा उतारा काही घटत नाही, त्यामुळे आपणही कधी त्याचा माग काढत नाही.

आपल्या भागात हे पाणी कुठं जातं ते सांगायला नको. बेळगावच्या पश्चिमेकडचं मार्कंडेयातून राकसकोपला, तेच पाणी शहराच्या नळाला. घटप्रभेचं हिडकलला, कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेचं सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थला. निपाणी-चिकोडीकडचं वेदगंगा-दूधगंगेतून कृष्णेला. वाहत्या नदीत स्फुरद फारसा दिसत नाही. जिथं पाणी थांबतं, म्हणजे धरणात, गावतळ्यात, बंधाऱ्याच्या फुगवट्यात, तिथं तो जलपर्णी आणि हिरव्या तवंगाच्या रूपानं वर येतो.

आता सगळा दोष शेतकऱ्यावर टाकायचा हेही बरोबर नाही. शहरांचं सांडपाणी, कपडे धुण्याची पावडर, कारखान्यांचं पाणी यांचा वाटा मोठा आहे. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शिवाराला हे वेगळं सांगायची गरज नाही. पण सांडपाण्याचा नळ आपल्या हातात नाही, आपला बांध आहे. शिवाय शेतातून जाणारा स्फुरद आपण रोख पैसे मोजून आणलेला असतो.

दोन गोष्टी, आणि त्यांचा गुणाकार

धोका दोन गोष्टींवर ठरतो. एक, शेतात स्फुरदाचा माल किती आहे. दोन, त्या मालाला ओढ्यापर्यंत जायला वाट आहे का. या दोन्हींची बेरीज नव्हे, गुणाकार करायचा. माल रग्गड आहे पण पाणी शेताबाहेर पडतच नाही, तर धोका जवळपास शून्य. माल बेताचा आहे पण उतारावरून चर थेट ओढ्यात उतरतो, तर तेच शेत गावात सगळ्यांत जोखमीचं. जगात जिथं जिथं हे मोजलं गेलं तिथं बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: पाणलोटातून जाणाऱ्या स्फुरदाचा मोठा भाग थोड्याशा जमिनीतून आणि वर्षातल्या मोजक्या दांडग्या पावसांत जातो. म्हणून सगळ्या शिवाराला एकच उपाय सांगणं मला पटत नाही. ती थोडी जमीन कुठली, एवढं शोधलं की निम्मं काम झालं.

आधी पावसात शेत फिरा

माती परीक्षणाच्या आधी हे करा. कागदावर उतार काढणारे पुष्कळ आहेत, पण पाणी कुठून निघतं ते पावसातच कळतं. तरण्या-म्हाताऱ्या पावसात, म्हणजे जुलैत, जमीन तुडुंब भिजलेली असताना एखादी जोराची सर चालू झाली की घोंगडं किंवा रेनकोट घेऊन बाहेर पडा. बरोबर तीन-चार पारदर्शक बाटल्या घ्या. शेताचा कच्चा नकाशा आधीच काढून ठेवा आणि त्यावर खुणा करत जा: वरच्या शेतातून पाणी कुठं आत येतं, आपल्या शेतातून कुठं बाहेर पडतं, कुठं साचतं, बांध कुठं फुटलाय, रस्त्याच्या मोरीतलं पाणी कुणाच्या शेतात सुटतं, आणि शेवटी ते ओढ्याला, पाटाला, तळ्याला कुठल्या ठिकाणी मिळतं.

भाताच्या खाचरात विशेष नजर ठेवा ती बांधाच्या खालच्या कोपऱ्यावर. वरून बांध धडधाकट दिसतो, पण पायथ्याशी खेकड्यानं पाडलेलं मनगटाएवढं भोक असतं आणि त्यातून गढूळ पाण्याची धार दिवसभर चालू असते. चिखलणीच्या दिवसांत या एका भोकातून जेवढी बारीक माती जाते तेवढी उरलेल्या हंगामात खाचराच्या तोंडावरून जात नसेल. भोकाच्या खालच्या बाजूला मऊ गाळाची छोटी जीभ पसरलेली दिसली की समजा, हे काल-परवाचं नाही.

पाणी बाहेर पडतं तिथं बाटली भरा, तारीख आणि जागा लिहा, घरी नेऊन न हलवता ठेवा. तासाभरात पाणी निवळलं आणि तळाला रेती बसली तर वाहून जाणारी माती जाडी आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखं गढूळच राहिलं तर बारीक चिकणमाती जातेय, आणि स्फुरद चिकटतो तो याच बारीक कणांना. त्यामुळे वाहून गेलेल्या गाळात मूळ मातीपेक्षा जास्त स्फुरद भरतो. उलट बाटली अगदी निवळशंख दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका. विरघळलेला स्फुरद डोळ्यांना दिसत नाही, आणि शेवाळाला तोच लगेच पचतो.

मालाचा अंदाज: नमुना आणि अहवाल

नमुना घ्यायची रीत तुम्हाला ठाऊक असेल: नागमोडी चालत एकराला आठ-दहा ठिकाणी 'व्ही' आकाराचा खड्डा, 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती, एकत्र कालवून चार भाग करत अर्धा किलोवर आणायची. झाडाखाली, बांधाला लागून, उकिरड्याच्या जागी घ्यायची नाही. ओढ्याच्या धोक्यासाठी यात तीन बदल करा.

पहिला, ओढ्याला लागून असलेली पट्टी आणि वरचा माळ यांची माती एकत्र करू नका. दोन्हींचे नमुने वेगळे. दुसरा, त्या खालच्या पट्टीतून आणखी एक नमुना फक्त वरच्या 5 सेंटिमीटरचा घ्या, कारण पावसाचं वाहतं पाणी तेवढ्याच थराशी खेळतं. वर्षानुवर्षं खत वरून फेकलं असेल तर खोल नमुना मध्यम आणि वरचा थर भरपूर, असा अहवाल हमखास येतो. तिसरा बदल क्षुल्लक वाटेल, पण नमुना रिकाम्या खताच्या पोत्यात भरू नका. डीएपीच्या पोत्यात भरलेली माती प्रयोगशाळेत श्रीमंत ठरते.

नमुना रयत संपर्क केंद्रात, कृषी विज्ञान केंद्रात (जिल्ह्यात मत्तिकोप्प आणि तुक्कानट्टी इथं आहेत) किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत देता येतो. देताना एक विचारा: स्फुरद कुठल्या पद्धतीनं काढणार? काळ्या, चुनखडीच्या आणि मध्यम सामूच्या (पीएचच्या) जमिनीला ओल्सेन पद्धत, आंबट जमिनीला ब्रे. खानापूर-जांबोटीकडच्या आंबट तांबड्या मातीला ओल्सेननं काढलेला आकडा फसवा येऊ शकतो.

माती परीक्षणाचं कार्ड कानडीत असलं तर 'रंजक'ची ओळ म्हणजे स्फुरद. आणि इथं मोठी गफलत होते ती एककाची. काही अहवालांत हेक्टरी निव्वळ फॉस्फरस लिहितात, काहींत 'पी टू ओ फाइव्ह'. निव्वळ फॉस्फरसाला 2.29 नं गुणलं की दुसरा आकडा मिळतो. निव्वळ फॉस्फरस हेक्टरी 10 किलोच्या आत म्हणजे कमी, 10 ते 25 मध्यम, 25 च्या वर भरपूर. 'पी टू ओ फाइव्ह'मध्ये ह्याच रेषा साधारण 23 आणि 57 वर येतात. एकरी हवं असेल तर 2.47 नं भागा.

हे वर्ग पिकासाठी बांधलेत, ओढ्यासाठी नाहीत, हे लक्षात असू द्या. भरपूरच्या दुप्पट किंवा तिप्पट आकडा आला तरी कार्डावर 'भरपूर' एवढंच छापून येतं, पण ओढ्याच्या दृष्टीनं 26 आणि 80 यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. म्हणून शेरा वाचू नका, आकडा वाचा.

मातीचा स्वभाव

खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागातली जांभ्याची तांबडी माती लोह आणि ॲल्युमिनियममुळे स्फुरद घट्ट धरून ठेवते. म्हणून तिकडं खत घालूनही कार्डावर 'कमी' येतं आणि मग आणखी खत पडतं. 'आमची माती सोडतच नाही, मग ओढ्याला कुठून जाईल?' असं तिकडं ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. विरघळून जात नाही, पण मातीच गेली तर तिच्यासकट जातो. आणि तो गाळ धरणाच्या तळाशी जाऊन बसला, तिथला प्राणवायू संपला, की लोहाची पकड सुटते आणि धरलेला स्फुरद पुन्हा पाण्यात येतो. पाऊस कणकुंबीकडं काही हजार मिलिमीटर. माती जायला तेवढा पुरे. वाहत्या नाल्यात हा धोका लांबचा, राकसकोपसारख्या साठ्याच्या वर तो जवळचा.

अथणी, कागवाड, रायबागकडं पाऊस 500-600 मिलिमीटरच्या आसपास, माती काळी, स्फुरद चुन्याशी बांधलेला. इथं दोन गोष्टी बघायच्या. उन्हाळ्यात रुंदावलेल्या भेगांतून पहिल्या वळवाचं पाणी वरच्या खतासकट थेट खाली उतरतं. शेतात सच्छिद्र पाइपचा निचरा बसवला असेल तर ते नाल्यालाच जातं. दुसरं, क्षारपड चोपण जमीन पावसात विरघळल्यासारखी सुटते आणि तिचं पाणी आठवडाभर निवळत नाही.

निपाणी, सदलगा, बोरगावकडच्या नदीकाठच्या मळईचा प्रश्न निराळाच आहे. उतार नाही, धूप नाही, पण 2019 आणि 2021 सारखा महापूर आला की नदीच शेतात येते. त्या पट्ट्यात पुराच्या रेषेखाली काय पडून आहे, एवढाच प्रश्न विचारायचा.

खत कसं आणि कधी पडतं

एकूण किती घातलं यापेक्षा कुठं आणि कधी घातलं याला इथं जास्त किंमत आहे. डीएपीतल्या 46 टक्क्यांपैकी बहुतेक स्फुरद पाण्यात विरघळणारा असतो. तो जमिनीवर पडून असताना मोठी सर आली, तर त्या पहिल्या वाहत्या पाण्यात जेवढा जातो तेवढा नंतरच्या दहा सरींत जात नाही. तिफणीनं बियाण्याशेजारी पेरलेलं खत, खोडव्याला पहारीनं भोक पाडून दिलेलं खत हे सुरक्षित. फेकून लगेच कुळव फिरवला तर मधलं. उभ्या उसात किंवा सोयाबीनमध्ये वरून फेकून पावसाची वाट बघत बसणं हे सगळ्यांत वाईट, आणि तेच सगळ्यांत जास्त चालतं. हंगामात मजूर मिळत नाहीत हे मान्य, पण निदान आभाळ बघून तरी फेका. धूळवाफ भातपेरणीत खत बियाण्याबरोबर मातीआड जातं, त्यामुळे या बाबतीत आपली जुनी पद्धत उजवी ठरते.

सेंद्रिय खताचा हिशोब बहुतेक जण धरतच नाहीत. शेणखतात 'पी टू ओ फाइव्ह' साधारण 0.2 ते 0.3 टक्के, पण कोंबडीखतात दीड ते तीन टक्क्यांपर्यंत, आणि साखर कारखान्याच्या प्रेसमडमध्येही (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) एक ते तीन टक्के. कोंबडीखताची पाच टनांची एक ट्रॉली दोन टक्क्यांनी धरली तरी 100 किलो होते, म्हणजे चार पोत्यांहून अधिक डीएपी. भाजीपाला आणि बटाट्याच्या शेतात हे खत घालून वर पुन्हा 10:26:26 ची पोती पडतात. अशा मळ्यांचे आकडे फुगलेले निघाले तर नवल नाही.

प्रेसमड गळीत हंगामात येतो, ट्रॉली रस्त्याला सोयीच्या कडेला खाली होते, आणि पसरायला सवड मिळेपर्यंत ढीग मृगापर्यंत तसाच राहतो. ती सोयीची कडा बऱ्याचदा ओढ्याची किंवा चरीची असते. ढिगाच्या पायथ्याशी काळपट पाण्याचा ओघळ गेलेला दिसला, तर बाकी काही मोजायच्या आधी ढीग हलवा.

वाट मोजताना

उतारासाठी यंत्र नको. गवंड्याची पाण्याची नळी आणि 10 मीटर दोरी घ्या. 10 मीटरवर 30 सेंटिमीटरचा फरक म्हणजे तीन टक्के उतार. पण नुसत्या उताराला भुलू नका. सऱ्या आणि ओळी कशा आहेत ते बघा. बटाटा-रताळ्याच्या सऱ्या उताराच्या दिशेनं सोडल्या असतील तर तीन टक्के उतारही पुरेसा घात करतो.

धूप झाल्याच्या खुणा: बोटभर ओघळी, उघडी पडलेली मुळं, झाडाच्या बुंध्याशी खाली गेलेली माती, खालच्या बांधाला चढलेला गाळ. एकरावरून एक मिलिमीटर थर गेला म्हणजे पाच टनांहून जास्त माती गेली. मातीत एकूण फॉस्फरस किलोमागे 500 मिलिग्रॅम धरला तर त्यातून अडीच किलोवर फॉस्फरस जातो. तो सगळा पिकाला लागू पडणारा नसतो, पण एक मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना काहीच नाही, हे लक्षात घ्या.

गुण मांडा

खालची मांडणी कुठल्या खात्याची नाही. अमेरिकेत 1993 पासून वापरात असलेल्या फॉस्फरस निर्देशांकाचं तत्त्व धरून, आपल्या शेतांसाठी मी सोपी केलेली कच्ची फूटपट्टी आहे. तिच्यावर आपल्याच तुकड्यांचा क्रम लावायचा. दुसऱ्या गावाशी तुलना करायची नाही.

माल: माती परीक्षण कमी असेल तर 1, मध्यम 2, भरपूर 4, भरपूरच्या रेषेच्या दुप्पटीवर 8. त्यात खताचे गुण मिळवा: यंदा स्फुरद नाही 0, पेरून किंवा गाडून 1, फेकून त्याच दिवशी मिसळलं 2, वर पडून राहिलं 4, पावसाळ्यात उघडा ढीग 8.

वाट: धुपीची खूण नाही आणि उतार एक टक्क्याच्या आत 1, थोड्या ओघळी किंवा तीन टक्क्यांपर्यंत 2, ठळक ओघळी, उताराच्या दिशेच्या सऱ्या किंवा त्याहून जास्त उतार 4. याला जोडणीच्या गुणांनी गुणा: पाणी बाहेर पडत नाही 0, फक्त अतिवृष्टीत पडतं 1, गवताळ पडीतून किंवा दुसऱ्याच्या शेतातून फिरून ओढ्याला जातं 2, चर-पाट-मोरीतून थेट जातं 4.

शेवटी माल गुणिले वाट. समजा एक भाजीचा मळा आहे, आकडा भरपूरच्या दुप्पट, खत गाडलेलं, सपाट जमीन, पाणी अतिवृष्टीतच बाहेर. 8 अधिक 1 म्हणजे 9, गुणिले 1 गुणिले 1, उत्तर 9. दुसरा बटाट्याचा तुकडा, माती मध्यम, खत वर पडलेलं, सऱ्या उताराला, चर थेट ओढ्यात. 2 अधिक 4 म्हणजे 6, गुणिले 16, उत्तर 96. कार्ड बघून तुम्ही पहिल्या मळ्याची काळजी केली असती. दहाच्या आत असेल तर सोडून द्या, 40 पर्यंत लक्ष ठेवा, त्यावर गेलं तर पुढच्या मृगाआधी काहीतरी करा.

नदीकाठच्या मळईला ही फूटपट्टी लागू पडत नाही. तिथं पुराच्या रेषेखाली मे महिन्यानंतर ढीग ठेवायचा नाही आणि खत वर पसरायचं नाही, इतकंच पाळा.

आकड्याची खात्री हवी असेल तर ओढ्याच्या पाण्याचा नमुना घ्या: एक तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला, एक खालच्या, त्याच सरीत. बाटली साबण-पावडरनं धुऊ नका, ओढ्याच्याच पाण्यानं तीनदा विसळा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा आणि एकूण व विरघळलेला असे दोन्ही फॉस्फरस मागा. कोरड्या दिवसाचा नमुना काही सांगत नाही.

आकडा मोठा आला तर

गुणाकारातला सगळ्यांत स्वस्तात खाली येणारा आकडा पकडा. बहुतेक वेळा तो जोडणीचा असतो: खेकड्याचं भोक बुजवणं, चरीचं तोंड ओढ्याऐवजी पडीत तुकड्यात फिरवणं, पाणी बाहेर पडतं त्या जागी दगडी सांडवा आणि वर गाळ बसायला खड्डा. त्या खड्ड्यातला गाळ दरवर्षी काढून वरच्या शेतात परत टाका, तो तुमचाच आहे. ओढ्याकाठी चार-पाच मीटर मारवेल, वाळा किंवा नेपियरची पट्टी ठेवली तर गाळ अडतो आणि जनावरांना चाराही होतो. पण गवत कण अडवतं, विरघळलेला स्फुरद फारसा नाही. आणि पाणी एकाच धारेनं पट्टी फोडून जात असेल तर कणही नाही.

सऱ्या उताराला आडव्या घ्या. उसाचं पाचट जाळू नका, सरीत दाबा. चिखलणीनंतर खाचराचं पाणी दोन-तीन दिवस तरी सोडू नका, गाळ खाली बसू द्या.

माल कमी व्हायला वर्षं लागतात. 'भरपूर'च्या दुप्पट आकडा असलेल्या तुकड्यात डीएपी थांबवून नुसता युरिया आणि पालाश शिफारशीप्रमाणे द्या, कोंबडीखत दुसऱ्या तुकड्याला न्या. खानापूरकडच्या आंबट मातीत बेतानं रॉक फॉस्फेट चालतं, ते हळू सुटतं; काळ्या चुनखडीच्या जमिनीत त्याचा उपयोग नाही.

माती परीक्षण तीन वर्षांनी पुन्हा केलं तरी चालतं. पावसातली फेरी आणि जोडणीचे गुण मात्र दरवर्षी बघा, कारण शेजाऱ्यानं बांध सरळ केला, पंचायतीनं रस्त्याला नवी मोरी टाकली किंवा कुणी जेसीबीनं चर काढली, की गेल्या वर्षीचा 2 या वर्षी 4 होतो.